गाईड बांधताना दोरा एकसारखा बसत नाही, नेमकं कुठे बिघडतं?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्यापासून मासेमारीचे रॉड स्वतः बांधायला घेतले आहेत. सध्या हातात आहे तो नऊ फुटी ग्राफाईट ब्लँक (रॉडची नुसती नळी), अलिबागकडच्या खाडीत जिताड्यासाठी. रील सीट (रील बसवायची जागा) आणि कॉर्कची मूठ मनासारखी बसली. काम अडतं ते गाईड, म्हणजे मासेमारीची दोरी ज्यांतून जाते त्या कड्या, ब्लँकवर बांधताना.

दोरा नायलॉनचा, 'ए' साईज. लाकडी घोडीच्या खाचांत ब्लँक ठेवून हातानेच फिरवतो. ताणासाठी दोरा जाड पुस्तकाच्या पानांतून घेतला आहे. नुसत्या ब्लँकवरचे वेढे चिकटून बसतात. गाईडच्या पायावर (ब्लँकला टेकणाऱ्या पट्टीवर) चढायला लागलं की गडबड सुरू होते. एखादा वेढा मागे घसरून आधीच्या वेढ्यावर चढतो, त्याच्या पुढे फट पडते. नखाने सरकवली की ती बुजते आणि दुसरीकडे उघडते. पायाच्या दोन्ही अंगांना लांबट पोकळी राहते ती वेगळीच. वरून एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायची, वाळून कडक होणारी राळ) चढल्यावर तर यातलं काहीच लपत नाही, उलट ठळक दिसतं.

ताण किती ठेवावा? दोरा कुठल्या बाजूने यावा? यंत्र घेतल्याशिवाय हे काम नीट होतच नाही का? जाणकारांनी सविस्तर लिहावं, घाई नाही.

गोबरा
माझाही अगदी हाच प्रश्न आहे. वाचतोय.

तांबोशी
खाडीकाठ, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर दोऱ्यात नाही, गाईडच्या पायात आहे. दोरा हातात घ्यायच्या आधी गाईड हातात घ्या आणि पायाचं टोक डोळ्यांसमोर आडवं धरून बघा. बऱ्याच गाईडचं टोक कापल्यासारखं उभं असतं. 'ए' साईजचा दोरा साधारण ०.१५ मिलिमीटर जाड. पायाच्या टोकाला त्याच्या दुप्पट-तिप्पट उंचीची उभी भिंत असेल तर दोरा तिथे चढणार कसा? एक वेढा भिंतीच्या खाली राहतो, पुढचा एकदम वर जातो, मधली जागा उघडी पडते. किंवा वर गेलेला वेढा घसरून खालच्यावर येऊन बसतो. नखाने कितीही सरकवा, त्या जागी दोऱ्याला बसायला आधारच नाही.

उपाय म्हणजे कानस. गाईड पकडीत धरायचा आणि पाय वरच्या बाजूने टोकाकडे उतरता घासत न्यायचा. टोक कागदासारखं पातळ व्हायला हवं, पण टोचणारं नको. उतार शेवटच्या तीनचार मिलिमीटरमध्ये उरकू नका, पायाच्या निम्म्या लांबीपर्यंत हळूहळू जाऊ द्या. मग पाय उलटा करून खालची बाजू बोटाने चाचपा. घासताना तिथे धातूची बारीक कोर उठते. ती चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने काढलीच पाहिजे, नाहीतर मासा लागून रॉड वाकला की तीच कोर ब्लँकमध्ये रुतते. ग्राफाईटला एवढा ओरखडा पुरतो.

शेवटी गाईड ब्लँकवर नुसता ठेवून बघा. पाय टोकापासून कमानीपर्यंत टेकलेला हवा. टोक अधांतरी असेल तर पाय किंचित वाकवून सरळ करा.

शांत_पाणी
फुजी कंपनीच्या नव्या गाईडचे पाय बऱ्यापैकी घासलेलेच येतात. प्रत्येकाला कानस लावायची गरज नाही.

तांबोशी
बऱ्यापैकी, पूर्ण नाही. त्यांनाही मी पॉलिश पेपरचा एक हात मारतोच. स्वस्त गाईड असतील तर कानशीला पर्याय नाही.

मुळाकाठ
पण काळ्या मुलाम्याचे गाईड घासले की आतलं चकचकीत स्टील दिसतं. गडद दोऱ्यातूनही ते लुकलुकतं. शिवाय खाऱ्या पाण्यात गंज?

तांबोशी
घासलेला भाग पूर्णपणे दोऱ्याखाली आणि एपॉक्सीखाली जातो, त्यामुळे पाणी पोचत नाही. लुकलुकतं ते झाकायला काळ्या पर्मनंट मार्करचा एक हात फिरवा, वाळू द्या, मग बांधा.

कातळकडा
माझं मत वेगळं आहे. मी ताण भरपूर ठेवतो. दोरा कच्चा बसला तर गाईड हलणारच. आम्ही खडकांवरून मोठे पॉपर (पाण्यावर तरंगणारी नकली आमिषं) फेकतो, तिथे ढिलं काम चालत नाही. घट्ट बांधा, फटी आपोआप मिटतील.

तांबोशी
कातळकडा, इथे मी अजिबात सहमत नाही. गाईडला धरून ठेवतं ते दोरा आणि एपॉक्सी यांचं मिळून झालेलं कवच, नुसता दोऱ्याचा ताण नाही. करकचून बांधलेल्या नायलॉनचे शेकडो वेढे पातळ नळीला सतत आवळत राहतात. त्यात पायाचं टोक ब्लँकमध्ये दाबलं जातं. रॉड वाकला की ताण एकवटतो तो नेमका त्याच टोकाशी. पायाच्या टोकापाशी मोडलेले रॉड तुम्हीही पाहिले असतील.

माझी कसोटी साधी आहे. बांधून झाल्यावर अंगठ्याने जोर लावला तर गाईड केसभर डावीउजवीकडे सरकला पाहिजे. आपोआप हलला तर ढिला, जोर लावूनही हलला नाही तर जास्त घट्ट. ही हालचाल लागतेच, कारण सगळे गाईड बांधून झाल्यावर मुठीकडून डोळा लावून ते एका रेषेत आणायचे असतात.

कातळकडा
रेषेत आणण्याचा मुद्दा मान्य. पण माझा जाड फायबरग्लासचा रॉड आहे, तो एवढ्याने मोडत नाही.

तांबोशी
जाड ग्लासला चालून जाईल. हा चर्चेचा धागा नऊ फुटी ग्राफाईटबद्दल आहे म्हणून इतकं ठासून लिहिलं.

मागकरी_इचलकरंजी
मी मासे पकडत नाही, पण घरात माग आहेत आणि आयुष्य सुताच्या ताणात गेलं, म्हणून लिहितो.

ताण किती यापेक्षा तो पहिल्या वेढ्यापासून शेवटच्या वेढ्यापर्यंत सारखा आहे का, हे बघा. ताण बदलला की दोऱ्याची रुंदी बदलते. ओढलेला दोरा बारीक होतो, सैल सोडलेला फुगतो. वर दिलेल्या जाडीने हिशेब करू. २० मिलिमीटर लांबीत साधारण १३० वेढे बसतात. प्रत्येक वेढ्यात जाडीच्या फक्त दहाव्या हिश्शाचा फरक पडला तरी शेवटी दोन मिलिमीटरची तफावत होते. गाईडच्या दोन पायांवरचं काम कमीजास्त लांबीचं दिसतं ते यामुळेही असू शकतं.

दुसरी गोष्ट, रीळ कसं ठेवता? खिळ्यावर आडवं घालून ते स्वतः फिरत असेल तर उत्तम. उभं ठेवून दोरा त्याच्या तोंडावरून ओढत असाल तर रिळावरून सुटणाऱ्या प्रत्येक वेढ्यामागे दोऱ्यात एक पीळ वाढतो किंवा उकलतो. वाढला तर दोरा गोल आणि ताठ होतो, उकलला तर चपटा होऊन पसरतो. दोन्हींत शेजारचा वेढा नीट चिकटत नाही.

आणि रिळालाच ब्रेक लावून ताण देणार असाल तर रीळ संपत येईल तसा ताण वाढत जातो, कारण दोरा सुटतो तिथला व्यास कमी होतो. खाडीकाठ यांची पुस्तकाची पद्धत त्या बाबतीत चांगली आहे, पानांतलं घर्षण रिळाच्या व्यासावर अवलंबून नसतं. शिलाई मशीनच्या ताणाच्या चकत्या मिळाल्या तर त्याहून चांगलं, स्क्रू फिरवून हवा तेवढा ताण ठरवता येतो.

गोबरा
वा! हा प्रतिसाद छापून घोडीवर चिकटवणार आहे.

खाडीकाठ
मागकरी, रीळ उभंच होतं. आजच आडवं करतो. दोरा कुठल्या बाजूने यावा याबद्दलही कोणी लिहा.

मुळाकाठ
हे मी लिहितो. समजा तुम्ही डावीकडून उजवीकडे भरत चालला आहात. दोरा ब्लँकवर अगदी काटकोनात न येता किंचित डावीकडून, म्हणजे भरलेल्या वेढ्यांच्या बाजूने यायला हवा. मग प्रत्येक नवा वेढा आपणहून मागच्याला बिलगतो. हा कोन दोनतीन अंशांचाच. जास्त झाला तर वेढा मागच्याच्या डोक्यावर चढेल. उजवीकडून आला तर फटी ठरलेल्या. म्हणजे ब्लँक फिरेल तसं रीळही सरकवत राहावं लागतं, किंवा ब्लँक सरकवावा लागतो. पुष्कळ जण पहिले दोन सेंटिमीटर सुंदर भरतात आणि पुढे कोन बदलल्याचं लक्षातच येत नाही.

दिशा कायम ब्लँककडून कडीकडे, म्हणजे चढावर. उतरणीवर भरलं तर प्रत्येक वेढा मागच्यापासून दूर घसरतो. सुरुवात पायाच्या टोकाच्या दोनतीन मिलिमीटर अलीकडून करा. सुरुवातीचं टोक पाचसहा वेढ्यांखाली दाबायचं आणि उरलेलं कापायचं. पण ते टोक पायाच्या माथ्यावर येऊ देऊ नका, विरुद्ध बाजूला ठेवा, नाहीतर चढावर आणखी एक उंचवटा तयार होतो.

सुईदोरा
माझे यजमान रॉड बांधतात, दोरा भरायचं काम माझ्याकडे आहे. 😊 दोन गोष्टी सांगते.

दर आठदहा वेढ्यांनी थांबून वेढे मागे सारावेत. सगळं भरून झाल्यावर एकदम सारायला गेलं तर ते हलत नाहीत. नखाने दोऱ्याचे तंतू उसवतात. प्लॅस्टिकची विणायची सुई घ्या, तिचं टोक गुळगुळीत असतं. शेवटी त्याच सुईच्या अंगाने सगळीकडून घासून घ्यायचं. दोरे थोडे चपटे होऊन पसरतात आणि केसाएवढ्या फटी मिटतात.

शेवटचं टोक ओढून घेण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. सहासात वेढे उरले की वेगळ्या मजबूत दोऱ्याचा फास ठेवायचा, त्यावरून उरलेले वेढे भरायचे, दोरा कापून फासात घालायचा आणि फास सावकाश ओढायचा. टोक बाहेर आलं की कापतो तिथे हमखास बारीक कूस राहते. त्यासाठी फास पूर्ण ओढायच्या आधी थांबायचं, दोऱ्याचं टोक आखूड कापायचं आणि मग उरलेलं ओढायचं. टोक वेढ्यांच्या खालीच राहतं, वर काही दिसत नाही. ब्लेड दर वेळी नवं.

कातळकडा
ताई, हे टोक आत ठेवण्याचं फार उपयोगी. पण टोक इतकं आखूड कापून निसटत नाही का?

सुईदोरा
चार वेढ्यांखाली तरी राहिलं पाहिजे. तेवढं असेल तर निसटत नाही, आणि नंतर एपॉक्सी धरतंच.

गोबरा
ताई, घरातला शिलाईचा दोरा चालेल का? रॉडचा दोरा मागवायचा म्हणजे महाग पडतो.

सुईदोरा
साधा शिलाईचा पॉलिस्टर दोरा आखूड तंतूंपासून कातलेला असतो, त्याला बारीक लव असते. एपॉक्सीत ती लव काट्यांसारखी उभी राहते. मशीन एम्ब्रॉयडरीचा पॉलिस्टर दोरा मात्र अखंड तंतूंचा असतो, छान चमकतो आणि रंग मागाल तो मिळतो. १२० डिनियर (सुताच्या बारीकपणाचं माप), दोन पदरी. रॉडच्या दोऱ्यापेक्षा नाजूक आहे, म्हणून ताण आणखी हलका ठेवावा लागतो. हलक्या रॉडला मी वापरते.

शांत_पाणी
रंगाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. साधा नायलॉन एपॉक्सी प्यायला की अर्धपारदर्शक होतो. काळ्या ग्राफाईटवर पिवळा दोरा मळकट हिरवट दिसायला लागतो, पांढरा तर जवळपास नाहीसाच होतो. त्यासाठी आधी कलर प्रिझर्व्हर (रंग टिकवणारा द्रव) लावतात, किंवा रंग न बदलणारा एनसीपी दोरा घेतात. पण फटींच्या दृष्टीने एनसीपी जास्त परीक्षा घेतो. साध्या नायलॉनमध्ये गडद रंगाखाली केसभर फट खपून जाते, एनसीपीमध्ये काळी रेघ स्पष्ट दिसते. शिकताना काळा किंवा गडद निळा साधा नायलॉन घ्यावा.

बांबूबेट
थोडं विषयांतर. घरी एक जुना स्प्लिट केन रॉड आहे, आजोबांचा. बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेला षटकोनी. त्यावर गाईड सोडून मध्येमध्येही रेशमाचे बारीक पट्टे बांधलेले आहेत, बहुधा जुना सरस सुटला तर पट्ट्या उकलू नयेत म्हणून. व्हार्निशखाली रेशीम असं पारदर्शक झालं आहे की खालच्या बांबूच्या रेषा दिसतात. ते वेढे मी भिंगाखाली पाहिले, एकही फट नाही. वीज नाही, मोटर नाही, हातानेच केलेलं काम. यंत्राशिवाय होतं का, या प्रश्नाचं उत्तर माझ्या कपाटात आहे.

त्यातला एक गाईड सुटलाय. रेशीम मिळालं आहे, पण वरून काय लावावं?

तांबोशी
बांबूबेट, त्यावर एपॉक्सी मुळीच नको. चांगलं स्पार व्हार्निश, अगदी पातळ, चारपाच हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. पुढे कधी दुरुस्ती करायची झाली तर व्हार्निश सहज काढता येतं. आणि त्या रॉडचे फोटो टाका, सगळे वाट बघतील.

अटलांटिकचा_वारा
न्यू जर्सीहून. इथे किनाऱ्यावरून स्ट्राइप्ड बाससाठी दहा-अकरा फुटी रॉड वापरतो. त्याला मी 'डी' साईजचा दोरा घेतो, साधारण ०.२५ मिलिमीटर. जाड दोऱ्याचे वेढे कमी लागतात आणि सरकवायला सोपे, त्यामुळे काम लवकर होतं. पण पायाच्या दोन्ही अंगांची पोकळी जाड दोऱ्यात जास्त मोठी राहते. खाडीकाठ, तुमच्या ब्लँकला 'ए' च बरोबर आहे, बदलू नका.

गाईड एका पायाचे असतील तर कडीच्या पुढच्या बाजूने चारपाच वेढ्यांचा फोरहान लॉकिंग रॅप घ्या. पाय दोऱ्यातून ओढला जात नाही.

गोबरा
एपॉक्सीचं कोणीतरी लिहा. माझं काम पावसाळ्यात दुधाळ झालं.

मुळाकाठ
कोकणातल्या जुलैत हे व्हायचंच. एपॉक्सीच्या हार्डनरमध्ये अमाईन असतात. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी त्यांची क्रिया होऊन वर चिकट किंवा पांढुरका थर येतो. खोली बंद करून एसी ड्राय मोडवर तास-दोन तास आधीपासून चालवा, मग मिश्रण करा. बुडबुडे घालवायला तोंडाने फुंकर मारू नका, फुंकरीत ह्याच दोन गोष्टी असतात. स्पिरिटच्या दिव्याची ज्योत लांबून, झर्रकन फिरवा. त्याच ज्योतीने एपॉक्सीच्या आधी दोऱ्याची लवही जाळून घेता येते. लायटर नको, काजळी धरते.

दोन्ही भाग अगदी समसमान मोजा. रबरी दट्ट्याच्या साध्या सिरिंजला आतून सिलिकॉन लावलेलं असतं, त्याने एपॉक्सीत गोल खळगे पडतात. बिनरबरी सिरिंज घ्या.

दर्या_मेलबर्न
इकडे जुलै म्हणजे हिवाळा, आमची तक्रार उलटी. एपॉक्सी इतकं घट्ट होतं की दोऱ्यात शिरतच नाही. दोन्ही बाटल्या मिसळायच्या आधी कोमट पाण्यात ठेवतो. पातळ झालं की वेढ्यांतून आत झिरपतं आणि पायाच्या अंगची पोकळीही भरते. पहिला हात पातळच हवा.

कातळकडा
वाळेपर्यंत रॉड फिरवत कोण बसतं? मोटर कुठली वापरता?

मुळाकाठ
मायक्रोवेव्हची थाळी फिरवणारी छोटी सिंक्रोनस मोटर सुटी मिळते. मिनिटाला पाचसहा फेरे, पातळ हाताला तेवढे पुरतात. व्होल्टेज बघून २२०-२४० ची घ्या, काही मोटरी कमी व्होल्टेजच्या असतात. सुरू करताना ती कधी उजवीकडे फिरते कधी डावीकडे, घाबरू नका, वाळवायला दोन्ही चालतं. जुना मायक्रोवेव्ह उघडून मोटर काढायच्या भानगडीत मात्र पडू नका. आतला कपॅसिटर बंद असतानाही जिवावर बेतेल इतका भार धरून ठेवतो.

खाडीकाठ
सर्वांचे मनापासून आभार. सगळे पाय कानशीने उतरते केले, खालची कोर काढली, रीळ आडवं केलं, दोरा किंचित मागून येईल असं बसवलं. पुस्तकातली थोडी पानं कमी करून ताण हलका केला. काल तीन गाईड बांधले. चढावर आता एकही वेढा घसरत नाही. विणायची सुई आईकडून मागून घेतली, तिने कारण विचारलं आणि मग स्वतःच शेजारी बसून वेढे सारून दिले.

एकच राहिलं. पायाच्या दोन्ही अंगांची पोकळी कमी झाली, पण गेली नाही. दिवा मागे धरला की आरपार दिसते.

तांबोशी
ती पूर्ण जाणारच नाही, जायची गरजही नाही. दोरा पायाच्या कडेवरून ब्लँकवर सरळ रेषेत उतरतो, त्याच्याखाली त्रिकोणी जागा राहणार हे भूमितीच सांगते. पाय रुंद असेल तर कडा थोड्या गोल करून ती लहान करता येते. ती एपॉक्सीने भरली पाहिजे, एवढंच महत्त्वाचं. पहिला पातळ हात देताना कडीच्या बाजूला जिथे पोकळीचं तोंड उघडं असतं तिथे ब्रशने थेंब लावा आणि थांबा. एपॉक्सी आत ओढलं जाईल आणि हवा दुसरीकडून दोऱ्यातून बुडबुडा होऊन निघेल. बुडबुडे थांबेपर्यंत थेंब देत राहा, मगच मोटर सुरू करा. तोंड उघडं राहिलं तर खाडीचं खारं पाणी तिथूनच आत शिरतं आणि गंजाची सुरुवात दोऱ्याखालून होते. खाऱ्या पाण्याच्या रॉडला मी दिसण्यापेक्षा या तोंडाकडे जास्त लक्ष देतो.

अटलांटिकचा_वारा
तांबोशींना दुजोरा. दुसऱ्या हाताच्या आधीही तोंडं पुन्हा तपासा, पहिल्या हातातलं एपॉक्सी कधीकधी आत उतरून खड्डा राहतो.

खाडीकाठ
समजलं. उरलेले गाईड या आठवड्यात बांधतो, पाऊस उघडला की पहिला हात. टोकाची कडी पण एपॉक्सीनेच चिकटवू का?

सुईदोरा
नको. ती हॉट मेल्टने (गरम केल्यावर वितळणाऱ्या गोंदाने) चिकटवा. कडीतलं रिंग फुटलं तर थोडी ऊब देऊन काढता येते.

गोबरा
आणि जिताडा लागला की फोटो याच धाग्यावर.